वाट्याला आलेलं

पवनी तालुक्यातल्या शाळेत मराठी शिकवताना मी समानार्थी शब्दांचा तक्ता पाठ करून घेत असे. सुख, आनंद, हर्ष, समाधान एका ओळीत. भाग्य, नशीब, दैव, सौभाग्य दुसऱ्या ओळीत. मुलांना गुण मिळत, म्हणून माझं शिकवणं बरोबर आहे अशी माझी समजूत होती.

एकदा निबंधाला गोसेखुर्द धरण दिलं. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणायची, हा उद्देश. पुनर्वसित गावातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'धरण झालं, हे आमचं नशीब.' मी 'नशीब' खोडून वर 'सौभाग्य' लिहिलं. तिचे आजोबा वही घेऊन आले.

"गुरुजी, आमचं गाव पान्याखाली गेलं जी. त्याले सौभाग्य कसं म्हनाचं?"

शब्द समानार्थीच आहेत, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. खोडण्यापेक्षा हे उत्तर वाईट होतं.

भाग्य हा शब्द 'भाग' म्हणजे वाटा यावरून आला. अरबीतून आलेल्या नशीबचाही मूळ अर्थ वाटाच. पण मराठी माणसाच्या तोंडी भाग्य उजळतं. नशीब फळफळतं तसं फुटतंही. दैव आठवतं ते बहुधा वाईट घडल्यावर; 'सु' लावावा तेव्हा कुठे ते आपल्या बाजूचं होतं. सौभाग्य तर बाईच्या नवऱ्याच्या हयातीशी बांधलेलं. वडील गमावलेली मुलं समोर बसलेली असताना मी तो शब्द नुसता 'चांगलं नशीब' म्हणून शिकवत होतो.

धरणानं वाटेच केले होते. कुणाच्या वाट्याला पाणी आलं, कुणाच्या वाट्याला बुडणं. आजोबांना नव्या वसाहतीत पक्कं घर मिळालं असेल, त्याला सुख म्हणता येईल. समाधान मात्र नव्हतं, आणि नातीनं ते एका शब्दात अचूक लिहिलं होतं.

पुढे मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि वहीत तिचा शब्द परत लिहिला.

मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना यातला प्रत्येक शब्द घरात कोण, कधी वापरतं ते विचारून यायला सांगा.