केळापूर टू तारकर्ली : पाण्याखालची वीस मिनिटं

जिथून कुठलाही समुद्र पाचशे किलोमीटर लांब, त्या गावच्या मंडळींनी स्कूबा डायव्हिंगला का जावं? आणि गेलंच, तर काय विचारावं, काय बघावं आणि कशाला अजिबात हात लावू नये?

तुमच्या ऑफिसात एखादा तरी वैदर्भी असेलच. कँटीनमध्ये कुणाच्या तरी अंदमान ट्रिपचे फोटो फिरायला लागले, की हा गडी गप्प बसून मान डोलावतो. 'तू कधी जाणार रे?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अबे, मले पोहताच येत नाही. मी काय करू त्या पाण्यात?"

त्याचं तरी काय चुकलं? नकाशा उघडा आणि यवतमाळ जिल्ह्यातलं केळापूर शोधा. तालुक्याचं नाव केळापूर, पण बाजारपेठ आणि कचेऱ्या शेजारच्या पांढरकवड्यात. जगदंबेचं देऊळ, नवरात्रातली गर्दी, नागपूर-हैदराबाद हायवेवरचे ट्रक, मैलोन्‌मैल कापूस. जवळच टिपेश्वर अभयारण्य. २०१९ मध्ये इथूनच निघालेल्या 'वॉकर' वाघाने तीन हजारांहून अधिक किलोमीटरची पायपीट केली. समुद्र त्यालाही लागला नाही! इथून बंगालचा उपसागर सरळ रेषेत साधारण पाचशे किलोमीटर आणि अरबी समुद्र त्याहून लांब. पोहायचं म्हणजे विहीर, नाहीतर नदी. आणि त्यातही आईचा आवाज काठावरून, "भाइर निघ आधी!"

तरीही या मंडळींनी, खरं तर आधी या मंडळींनीच, एकदा समुद्राखाली जाऊन यावं असं माझं मत आहे. त्याचं कारण त्यांच्या पायाखालीच सापडतं.

दगडातला समुद्र

केळापूरहून पूर्वेला झरी-वणीकडे निघालात की काळ्या मातीच्या अधूनमधून चुनखडी डोकं वर काढते. वणीजवळचं राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जातं. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. तिकडे आदिलाबादपर्यंत आणि चंद्रपूरकडेही हाच दगड पसरलाय. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना 'पैनगंगा गट' म्हणतात. आपल्या पैनगंगेचंच नाव.

हा दगड समुद्रात तयार झाला. थोडाथोडका नाही, शंभर कोटी वर्षांच्या आसपास जुना हिशोब आहे. तेव्हा जमिनीच्या आत शिरलेला समुद्र इथे होता आणि त्याच्या तळाशी चुन्याचे थर साचत गेले. मासे नव्हते, शिंपले नव्हते, प्रवाळही नव्हते. जीवसृष्टी म्हणजे सूक्ष्म जीवांचे थर. पुढे समुद्र हटला, कोट्यवधी वर्षांनी वरून लाव्हा वाहिला, त्यातून काळी माती झाली आणि तिच्यात आपण कापूस लावला.

म्हणजे वणीच्या बाजूला जुन्या घराच्या भिंतीला जो चुना लागला, तो एका आटलेल्या समुद्राचा तळ आहे. प्रवाळ आज जे काम करतात तेही याच जातीचं. समुद्राच्या पाण्यातला चुना घ्यायचा आणि दगड घडवायचा. फरक एवढाच, की हा दगड जिवंत आहे. तो बघायला आपल्या राज्यात सगळ्यात सोपी जागा म्हणजे मालवण.

वीस मिनिटांत काय होतं?

आधी भीतीचं बघू. मालवण-तारकर्लीला बहुतेक लोक करतात तो 'ट्राय डाइव्ह'. त्याला पोहता यायलाच हवं असं नाही. अर्धा-पाऊण तास सूचना, मग वेटसूट, पाठीवर सिलेंडर, तोंडात रेग्युलेटर, डोळ्यांवर मास्क आणि शेजारी तुम्हाला धरून ठेवणारा गाइड. खोली साधारण पंधरा ते तीस फूट. वेळ पंधरा-वीस मिनिटं. बस्स.

पहिला धक्का नाकाचा. मास्कमध्ये नाक बंद, श्वास फक्त तोंडाने. पहिली दोन मिनिटं मेंदू सरळ संप पुकारतो. आमच्या बोटीवरचा पांढरकवड्याचा एक मित्र पहिल्या प्रयत्नात शिडी सोडायलाच तयार नव्हता. "बुडलो तं?" गाइड शांतपणे म्हणाला, "घाबरू नको, मी आसंय मां." दहा मिनिटांनी हाच मित्र खाली एका माशाच्या मागे जाऊ बघत होता आणि गाइड त्याला मागे ओढत होता.

दुसरा धक्का कानांचा. दोन-तीन मीटर खाली गेलात की कानांवर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, विमानात करतो तसं. दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याआधी. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट असतो. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस काही रबरी फुगा नाही.

आणि हो, पाण्याखाली अंगठा वर करून 'मस्त!' म्हणू नका. त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. फोटोच्या नादात अंगठा दाखवून पाचव्या मिनिटाला बोटीवर परत आलेले वीर दर सीझनला सापडतात.

किल्ल्याच्या पायाशी

आता खालचं जग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आज प्रवाळ आहेत. इथलं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. गाळ असतो, हिरवट झाक असते, भरती-ओहोटीप्रमाणे दिसण्यात फरक पडतो. ब्रोशरमधला निळाशार फोटो डोक्यात ठेवून गेलात तर हिरमुसाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, पावसाळ्यात सगळं बंद.

पण जे दिसतं ते पुरेसं आहे. अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेल्या माशांचा थवा अगदी मास्कजवळून जातो. खडकाच्या कपारीतून एखादा गोबरा आळशी नजरेने बघतो. काळ्या सुयांचे सागरी साळिंदर, वाऱ्यावर डुलावं तसं डुलणारं समुद्रफूल आणि मेंदूसारख्या घड्या असलेला प्रवाळ. लाल रंग खाली फिका पडत जातो, कारण पाणी तोच सगळ्यात आधी गिळतं. आवाज फक्त तुमच्या श्वासाचा. ना मोबाइल, ना मेल, ना बॉस.

बोटी चालवणारी आणि गाइड म्हणून उतरणारी बरीच पोरं कोळी-गाबीत घरांतली आहेत. हा समुद्र त्यांच्यासाठी पिकनिक स्पॉट नाही. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिकांनी विरोध केला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन यांचं भांडण तर वर्षानुवर्षं चाललंय. जाळ्यात मासा कमी येतो, तेव्हा पर्यटकाची बोट घर चालवते. म्हणजे प्रवाळ मेला तर फक्त आपला फोटो जाणार नाही, त्यांचा रोजगार जाईल.

लाथ कुणाला बसते?

आणि प्रवाळ मरतोय. पाणी जास्त दिवस तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हेच ब्लीचिंग. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. त्यावर तुम्ही-मी एका वीकेंडमध्ये काही करू शकत नाही. पण एक गोष्ट आपल्या पायांत आहे.

शिकाऊ डायव्हर घाबरला की पाय झाडतो. गोल दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर वाढतात. एका लाथेत कित्येक वर्षांची वाढ तुटते. फोटोसाठी त्यावर टेकणं, हात ठेवणं, आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं यानेही तेच होतं. आणि तुकडा नेणं हा गुन्हाही आहे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना वाघाइतकंच, पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण आहे. टिपेश्वरच्या वाघाला कुणी लाथ मारेल का? मग?

मासे जमवायला ब्रेड-बिस्किट टाकतात, तेही नको. व्हिडिओ झकास येतो, पण मासे खडकावरचं शेवाळ सोडून मैद्याची वाट बघत बसतात.

गर्दी वाटून टाकणं हा एक उपाय. जॉर्डनने तांबड्या समुद्राच्या टोकाला, अकाबाजवळ १९८५ मध्ये 'सीडर प्राइड' हे जहाज मुद्दाम बुडवलं आणि २०१९ मध्ये रणगाडे, हेलिकॉप्टर पाण्याखाली मांडून चक्क संग्रहालय केलं. डायव्हर तिकडे जातात, लोखंडावर नवे प्रवाळ धरतात, जुन्यांना थोडी उसंत मिळते. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' निवतीच्या समुद्रात बुडवून असंच काही करण्याची योजना महाराष्ट्रानेही हाती घेतली. पण जहाज काय, खडक काय, पाय झाडणारा माणूस तोच असेल तर उपयोग शून्य.

म्हणून बुकिंगच्या वेळी 'सगळ्यात स्वस्त कोण?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे तीन विचारा. एका गाइडकडे किती जण? एकास एक असेल तरच हो म्हणा. गाइडकडे कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे? दाखवायला सांगा, लाजू नका. बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तो अपघात पाण्याखाली झाला नव्हता, पाण्यावर झाला होता. बोटीवर जॅकेट घालायला सांगणाऱ्या माणसावर वैतागू नका.

पुढच्या वेळी चुन्याची भिंत दिसली तर जरा थांबून बघा. एक समुद्र आटून तिथे पोचलाय. दुसरा अजून जिवंत आहे आणि एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

प्लॅन करताय?

कसे जाल : पांढरकवड्याहून आधी नागपूर, अंतर साधारण दीडशे किलोमीटर. तिथून विमानाने किंवा रेल्वेने गोवा, किंवा मुंबई-पुण्यामार्गे कोकण रेल्वे. उतरायचं स्टेशन कुडाळ. तिथून मालवण तासाभरावर. पुण्या-मुंबईहून रात्रीची बस सोयीची.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळची पहिली बोट पकडा, वारा आणि गर्दी दोन्ही कमी.

कोणी टाळावं : दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गर्भारपण. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी नको. आदल्या रात्रीची पार्टीही नको.

परतीचं विमान : डाइव्हनंतर किमान अठरा तास थांबा. तेवढ्या वेळात सोलकढी, बांगडा आणि कोंबडी-वडे आरामात होतात.

चटक लागली तर : 'ओपन वॉटर' कोर्स करा, अठरा मीटरपर्यंत जाता येतं. मात्र त्याला दोनशे मीटर पोहता यायला हवं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. आणि पोहायला शिकायला समुद्र लागत नाही, गावाजवळचा स्विमिंग टँक चालतो.