आधी ब्रेक, मग उडी

एप्रिल २००९ मध्ये डॅनी मॅकअॅस्किल या स्कॉटिश तरुणाची एडिनबरोत चित्रित केलेली फीत प्रसिद्ध झाली आणि टोकदार सळ्यांच्या कुंपणावरून सायकल चालवणारा हा पोरगा जगभर पोचला. सायकल ट्रायल्स आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांना ती अशाच फितींतून ठाऊक आहे. म्हणून शिकू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न उडीचा असतो. किती उंच, किती लांब, आणि त्यासाठी सायकल किती हलकी हवी? माझ्या मते इथेच गल्लत होते. ट्रायल्स हा मुळात थांबण्याचा खेळ आहे. उडी म्हणजे दोन थांब्यांमधले अंतर. स्पर्धेचे नियमच पाहा. दगड, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे यांतून आखलेला टप्पा आणि तो पार करायला दोन मिनिटे. जुन्या पद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण, आणि पाच दंडगुण झाले की टप्पा हातचा गेला. गुणदानाची रीत पुढे बदलली, कसोटी तीच राहिली. उडी कितीही देखणी असो, उतरल्यावर जागच्या जागी उभे राहता आले नाही तर पाय टेकणारच. हे एकदा मान्य केले की कोणते तंत्र आधी शिकायचे आणि कोणत्या भागावर आधी पैसे घालायचे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच निघते. सायकल ज्या भागांमुळे थांबते आणि सांगितल्या क्षणी हलते, ते भाग आधी. वजन सर्वांत शेवटी.

दोन्ही चाकांवर ब्रेक दाबून उभे राहणे हा पहिला धडा. क्रँक (पायडलचे दांडे) आडवे, पुढचे चाक किंचित तिरके, नजर चाकावर न ठेवता चार-पाच फूट पुढे. कोणता पाय पुढे येतो हे शरीर आपले आपण ठरवते. ते बदलण्याच्या भानगडीत पडू नये. खेळाचा खरा गाभा दुसऱ्या धड्यात आहे, मागच्या चाकावर उभे राहण्यात. तळहातावर उभी काठी सावरताना आपण काठीला ढकलत नाही, हातच तिच्याखाली नेतो. मागच्या चाकावरही नेमके तेच करायचे असते. वजन पुढे झुकून पुढचे चाक खाली येऊ लागले की मागचा ब्रेक क्षणभर सोडायचा, पायडलला छोटा झटका द्यायचा, टायर वजनाच्या खाली सरकवायचा आणि लगेच ब्रेक पुन्हा घट्ट. वजन मागे गेले तर ब्रेक धरूनच सायकल हातांनी ओढत एक बारीक उसळी मागे घ्यायची. बघणाऱ्याला या उसळ्या म्हणजे कसरत वाटते. खरे तर त्या चुकलेल्या तोलाच्या दुरुस्त्या असतात. नवशिका एकसारखा उसळत राहतो, कारण त्याला उभे राहता येत नाही. मुरलेला स्वार दोनदा उसळतो, थांबतो, पुढचा दगड निरखतो. त्यामुळे आधी उसळ्या शिकून मग तोल शिकू म्हणणाऱ्याला दुरुस्तीची सवय लागते आणि मूळ गोष्ट राहून जाते.

आता हा झटका यंत्राच्या बाजूने पाहू. पायडल मागे आणून पुन्हा पुढे दाबले की फ्रीव्हीलमधली खुंटी पुढच्या दातात अडकेपर्यंत पायडल मोकळेच फिरते. एका फेऱ्यात १८ ठिकाणी पकडणारे साधे फ्रीव्हील घेतले, तर ही मोकळी फिरकी २० अंशांपर्यंत जाते. १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर म्हणजे पाय सुमारे सहा सेंटिमीटर हवेत दाबला गेला. ७२ ठिकाणी पकडणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये हीच गळती दीड सेंटिमीटरवर येते आणि १०८ वाल्यात एका सेंटिमीटरवर. सहा सेंटिमीटरची गळती रस्त्यावर जाणवतही नाही. मागच्या चाकावर उभे असताना तेवढ्या वेळात तोल गेलेला असतो. शिवाय ती दर वेळी सारखी नसते, कधी एक सेंटिमीटर, कधी सहा. म्हणजे त्याच झटक्याला सायकल दर वेळी वेगळे उत्तर देते, आणि ज्याला दर वेळी वेगळे उत्तर मिळते त्याने शिकायचे तरी कशावरून? स्पर्धेच्या सायकलींत फ्रीव्हील मागच्या हबवर न बसवता पुढे क्रँकवर बसवतात त्याला मात्र वेगळे कारण आहे. वीस इंची सायकलला मागे १२ दातांची चकती लागते आणि एवढ्या छोट्या चकतीच्या पोटात फ्रीव्हील मावत नाही. गिअरचे गणितही बघण्यासारखे आहे. वीस इंचीवर १८ ला १२, सव्वीस इंचीवर १८ ला १५. आकडे वेगळे, पण पायडलच्या एका फेऱ्यात दोन्ही सायकली जेमतेम अडीच मीटर पुढे जातात. आपली नेहमीची काळी सायकल त्याच फेऱ्यात पाच मीटरच्या पुढे जाते. गिअर इतका हलका ठेवतात तो पाव फेऱ्यात पूर्ण जोर उतरावा म्हणून.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त भर देतो. ट्रायल्समधला मागचा ब्रेक वेग कमी करण्यासाठी नसतो. चाक आणि सांगाडा एकजीव करण्यासाठी असतो. तो केसभर सरकला तरी उसळीचा जोर वाया जातो. कित्येक वर्षे या कामासाठी मागुरा या जर्मन कंपनीचा एचएस-३३ हा तेलाच्या दाबावर चालणारा रिम ब्रेक जणू ठरलेलाच होता. रिमच्या दोन्ही कडांवर ग्राइंडरने बारीक चरे पाडायचे आणि त्यावर कडक रबर बसवायचे, ही त्याची जोडी. असा ब्रेक किंचाळतो, रिम खातो, काही महिन्यांनी चरे पुन्हा पाडावे लागतात, पण ओल्यातही धरतो. डिस्क ब्रेक आधुनिक आहे, मग रिमचा हट्ट का, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तर त्रिज्येत आहे. सव्वीस इंची चाकाची रिम मध्यापासून सुमारे २८ सेंटिमीटरवर असते, १६० मिलिमीटरच्या डिस्कची कड आठ सेंटिमीटरवर. तेवढेच चाक रोखायला डिस्कला सुमारे साडेतीन पट जोराने धरावे लागते, आणि तो सगळा ताण हबपासून रिमपर्यंत तारांमधून जातो. चांगल्या डिस्क आज हे काम करतात आणि वरच्या स्पर्धांतही दिसतात. स्वस्त डिस्क करत नाहीत. म्हणून मर्यादित पैशांत पुढे डिस्क, मागे रिम ब्रेक ही जोडी मला अजूनही शहाणपणाची वाटते. ब्रेक इतका कडक असेल तर नवशिका उलटून पडेल, ही भीती मात्र मला पटत नाही. मऊ ब्रेक चार बोटांनी आवळावा लागतो आणि हँडलवर फक्त अंगठा उरतो. कडक ब्रेकला एक बोट पुरते, बाकीची हँडल धरून राहतात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. कौशल्य असेल तर सायकल कोणतीही चालते. मार्टिन अॅश्टन या ब्रिटिश स्वाराने २०१२ मध्ये पिनारेल्लोच्या कार्बनच्या शर्यतीच्या सायकलवर ट्रायल्सच्या करामती करून दाखवल्या, मग भागांचा एवढा खल कशाला? अॅश्टनने केले ते खरे, पण तो ट्रायल्सच्या सायकलवर वर्षानुवर्षे घडलेला होता. त्याचे उदाहरण शिकलेला माणूस काय करू शकतो हे सांगते, कशावर शिकावे हे सांगत नाही. ते सांगतो या खेळाचा इतिहास. १९७० च्या दशकात कॅटालोनियात मोटारसायकल ट्रायल्समधले पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याला तीच तंत्रे सायकलवर करायला लावली. आणि लगेच सायकल बदलू लागली. आधी मोंतेसा या मोटारसायकल कंपनीने या खेळासाठी छोटी सायकल काढली, नंतर पी यांनी मोंटी ही स्वतःची कंपनीच उभी केली. ओट पी पुढे जगज्जेता झाला. १९८६ पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या जागतिक स्पर्धाही सुरू झाल्या. तंत्र आणि यंत्र इथे पहिल्यापासून हातात हात घालून वाढले आहेत.

यावरून कोणी एकदम जगज्जेत्याची सायकल मागवायला निघाले तर तीही चूकच. स्पर्धेच्या सायकलची बीबी, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो आस, चाकांच्या मध्यरेषेच्या बरीच वर असते, मागचे चाक अगदी पायांखाली घेतलेले असते, सीट नसते. ही रचना मागच्या चाकावर आधीच घर केलेल्या माणसासाठी आहे. दोन चाकांवर स्थिर उभे राहू पाहणाऱ्याला ती उंचीवर टांगून ठेवते. भोके पाडलेल्या हलक्या रिमा चुकीच्या उतरण्याने वाकतात, आणि नवशिका चुकीचाच उतरणार. हलकेपणाचा फायदा उंच उड्या मारताना, दिवसभराच्या स्पर्धेत, थकलेल्या हातांना कळतो. गुडघाभर कठड्यावर चढायला शिकणाऱ्याला अर्धा किलो कमी-जास्त झाल्याने काही फरक पडत नाही. टायरमधली हवा दोन-तीन पीएसआयने कमी-जास्त झाल्याने पडतो. टायर हीच इथली एकमेव स्प्रिंग. मागचा अडीच इंची टायर रस्त्याच्या हिशेबाने अर्धा रिकामा वाटेल इतपतच भरायचा, दगडाच्या धारेवर रिम टेकणार नाही एवढी काळजी घेऊन.

आपल्याकडे हे भाग सहज मिळत नाहीत, मग सुरुवात कशी करायची? जुनी, पुढे झटकाशोषक नसलेली सव्वीस इंची एमटीबी पुष्कळ झाली. तिच्या पुढच्या तीन चकत्यांतली सर्वांत लहान बहुधा २२ दातांची असते. मागे १८ दातांची ठेवली की गुणोत्तर १.२२ येते, म्हणजे स्पर्धेच्या सव्वीस इंचीइतकेच. गिअर बदलणारी यंत्रणा काढून टाकावी, कारण पहिल्याच आडव्या पडण्यात ती वाकते आणि झटका देताना चेन एका चकतीवरून दुसरीवर उडू शकते. चेन ताणून ठेवणारी साधी कप्पी मात्र लावावी. मग पैसे साठतील तसे आधी मागचा ब्रेक, त्यानंतर जास्त ठिकाणी पकडणारे हब, त्यानंतर टायर आणि उंच हँडल, आणि सांगाडा सर्वांत शेवटी. जुन्या एमटीबीचे मागचे चाक ट्रायल्सच्या सायकलपेक्षा चार-पाच सेंटिमीटर मागे असते, त्यामुळे पुढचे चाक उचलायला कंबर जास्त मागे न्यावी लागते. ही अडचण खरी आहे, पण पहिल्या वर्षी ती सोसण्यासारखी आहे. एक भाग मात्र या क्रमाच्या बाहेर ठेवावा, चेन. उभे राहून पूर्ण वजनाने झटका देताना ती तुटली तर माणूस थेट हँडलवर आपटतो, नडगी फुटते ती वेगळीच. ती स्वस्त असते, लांबली की लगेच बदलावी. फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस कोंबू नये, खुंट्या चिकटून बसतात आणि ऐन झटक्यात पकड सुटते. पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या बसाल्टवर शेवाळ धरले की तिथे सराव बंद ठेवावा. चरे पाडलेल्या रिमने चाक थांबेल, पण दगडावर टायर थांबणार नाही.