मागच्या रांगेचं देणं

अमेरिकेत मला गाडी शिकवली ती नवऱ्यानं नव्हे, शेजारच्या बाईंनी. आम्ही डेट्रॉइटजवळच्या कॅन्टनमध्ये राहायला गेलो तेव्हा नवरा सकाळी गाडी घेऊन जाई आणि मी दिवसभर घरात अडकून पडे. शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेल्या या बाई मूळच्या जवळच्याच इंक्स्टरच्या. मला खिडकीशी बसलेलं पाहून त्यांनीच एकदा किल्ली पुढे केली. बर्फावर मागची चाकं घसरली की ब्रेक दाबायचा नाही, घसरेल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं, हे त्यांनी इतकं घोटून घेतलं की आजही हात आपसूक वळतात.

त्यांच्या गाडीत कायम एकच सीडी वाजे, मार्व्हलेट्स या गायिकांच्या गटाच्या निवडक गाण्यांची. ‘आमच्या शाळेतल्या मुली,’ त्या ऐटीत सांगत. १९६१ मध्ये इंक्स्टर हायस्कूलच्या स्पर्धेत या मुली चौथ्या आल्या. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीपुढे गायची संधी पहिल्या तिघांनाच होती, पण एका शिक्षिकेनं शब्द टाकला म्हणून यांचीही वर्णी लागली. कंपनी म्हणाली, स्वतःचं गाणं आणा. त्यांच्यातल्या जॉर्जिया डॉबिन्सनं ओळखीतल्या एकाचं ब्लूज घेतलं आणि जवळजवळ नव्यानं रचलं. पण करार करायला वडिलांनी परवानगी दिली नाही, आणि तिला गट सोडावा लागला. तिनं रचलेलं ते गाणं म्हणजेच ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’. गायली ग्लॅडिस हॉर्टन. ड्रमवर होता तेव्हा कुणाला फारसा माहीत नसलेला मार्विन गे. गीतकारांपैकी फ्रेडी गॉर्मन तर खराखुरा पोस्टमन! त्या डिसेंबरात हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० मध्ये पहिलं आलं. मोटाउनला हा मान प्रथमच मिळत होता.

पण बाईंचा कान असे मागच्या आवाजांकडे. पुढच्या वर्षांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत मार्व्हलेट्सच्या साथीला अँडान्टेस गायल्या आहेत: जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत या तिघींचा आवाज आहे, पण त्या काळच्या वेष्टनांवर त्यांची नावं नसत. सिग्नलला गाडी थांबली की बाई आवाज वाढवत आणि म्हणत, ‘आता पुढचीला विसर. मागे कोण काय करतंय ते ऐक.’ सुरुवातीला मला नुसता एक गलका ऐकू येई. मग हळूहळू तीन गळे सुटे झाले. शाहिराची ओळ झीलकऱ्यांनी उचलून धरावी, तशा त्या मुख्य गायिकेला तोलून धरत होत्या. त्यानंतर लहानपणापासून पाठ असलेली हिंदी-मराठी गाणीही मी नव्यानं ऐकली.

एका वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी कोरसमध्ये होते. बाई आवर्जून आल्या. कार्यक्रमपत्रिकेवर गायिकेचं, तबलजीचं, अगदी ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याचंही नाव होतं, आमचं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर सगळे मुख्य गायिकेभोवती जमले आणि बाई मात्र आम्हा कोरसवाल्यांकडे आल्या. पर्समधून पेन काढून एकेकीला स्पेलिंग विचारत त्यांनी आमची नावं पत्रिकेवर लिहून घेतली. ‘देशपांडे’ला दोनदा खाडाखोड झाली, तरी सोडलं नाही.

गाडी शिकवल्याचे पैसे मी देऊ केले होते, ते त्यांनी हसून परत केले. हे दुसरं देणं फेडायचं म्हटलं तर रक्कमच ठरत नाही. मंडळाची कार्यक्रमपत्रिका आता मी तयार करते. तिच्यात कोरसची नावं गायिकेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापते. जागा पुरत नाही म्हणून समिती कुरकुरते. मी जाहिरात कापते.