लष्कराची कुळं

एस्प्लनेडच्या मेट्रो स्थानकातून वर येऊन पश्चिमेकडे चालू लागलं की कोलकात्याचा गलका मागे पडतो आणि समोर नुसतं हिरवं मैदान उरतं. गोष्ठ पाल सरणीच्या आसपास मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, मोहमेडन स्पोर्टिंग या क्लबांचे 'टेंट' आहेत. नावाला तंबू, प्रत्यक्षात बैठी घरं. पुढे हिरवळीचा तुकडा, त्यावर खुर्च्या, आणि कँटीनमध्ये पातळ चिकन स्ट्यू आणि टोस्ट. शंभरी ओलांडलेल्या क्लबांना अजून पक्की इमारत का नाही, याचं उत्तर 1757 नंतरच्या काळात आहे. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवं फोर्ट विल्यम उभारलं आणि तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून भोवतालचं रान साफ केलं. ती जमीन आजही लष्कराकडे आहे, क्लब तिथे नुसते भाडेकरू. या शहराचा फुटबॉल घडवला तो या भाडेकरूपणानं, असं माझं मत आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हला हिंदू, पारशी, इस्लाम असे जिमखाने शेजारी शेजारी उभे राहिले, ज्याची त्याची इमारत, ज्याचं त्याचं आवार. कोलकात्यात मात्र गोरे क्लब काय आणि बंगाली क्लब काय, सगळी एकाच मालकाची कुळं. हाडवैरी मानले जाणारे मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉलसुद्धा कित्येक वर्षं एकच मैदान वाटून घेत होते!

यावर कोणीही बंगाली म्हणेल, की जमिनीचं काय घेऊन बसलात, आमचा फुटबॉल घडवला 1911 नं. 29 जुलैला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहाजण अनवाणी, बूट फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात. मागे उभ्या असलेल्यांना गोलसंख्या कळावी म्हणून ती पतंगावर लिहून उडवली, असंही सांगतात. पण विजयानं पेटलेली आग वर्षानुवर्षं धगधगत ठेवायला दरसाल सामने लागतात, आणि तिथे अडसर होता. कोलकात्याची लीग 1898 पासून चालू होती. शील्ड जिंकलेल्या मोहन बागानला पहिल्या श्रेणीत जागा मिळाली ती 1915 मध्ये. त्यातही भारतीय संघ दोनच, हा दंडक 1925 मध्ये ईस्ट बेंगॉलसाठी मोडावा लागला. म्हणजे भेदभाव होता तो नियमपुस्तकात, आणि गोऱ्यांशी रोज एकाच गवतावर शेजार असल्यामुळे तो लपत नव्हता. भिंत पाडण्यापेक्षा नियम बदलणं सोपं. 1934 ते 1938 सलग पाच वेळा लीग जिंकली ती मोहमेडन स्पोर्टिंगनं. मोहन बागानचं पहिलं विजेतेपद त्यानंतरचं, 1939 चं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या भाडेकरूपणानं क्लबांना खुजं ठेवलं. हे निम्मं मान्य करायलाच हवं. स्वतःचं मोठं स्टेडियम नसल्यानं मोठे सामने क्रिकेटच्या ईडन गार्डन्सवर भरायचे, आणि तिथेच 16 ऑगस्ट 1980 ला 16 प्रेक्षकांचा जीव गेला. सॉल्ट लेक स्टेडियम 1984 मध्ये उभं राहिलं, तेही सरकारी. 1997 च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला तिथे सव्वा लाखाहून जास्त माणसं लोटली होती. पण ज्याच्याकडे विकायला जमीन नाही, त्याच्याकडे उरतात ते फक्त सभासद आणि जर्सीचा रंग. 2020 मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग भांडवलदारांच्या संघात विलीन झाला आणि नावापुढे 'एटीके' लागलं. समर्थकांनी ते कधी पचवलं नाही. 2023 मध्ये ती अक्षरं गेली. जिमखान्याचा सभासद निदान आवार वाचवायला भांडला असता, इथे वाचवण्यासारखं नावच तेवढं होतं.

आता एस्प्लनेडहून मेट्रो थेट सॉल्ट लेक स्टेडियमला जाते. मोहन बागान-ईस्ट बेंगॉल डर्बीच्या दिवशी त्या डब्यांत हिरवा-किरमिजी आणि लाल-पिवळा असे दोन्ही रंग दाटीवाटीनं उभे असतात. मोहन बागान जिंकला तर घरी जाताना कोळंबी घ्यायची, ईस्ट बेंगॉल जिंकला तर हिलसा, ही इथली जुनी रीत आहे.