नोहाचे तारू

बुद्धिबळातील ज्या मोहऱ्याला इंग्रजीत बिशप म्हणतात, त्याचा मराठीने उंट केला, याचे सेमिनरीत असताना आम्हांला फार हसू येई. महागुरूंसमोर हा विनोद करण्याचे धाडस मात्र कधी झाले नाही. हा उंट तिसऱ्याच खेळीत काळ्या घोड्यावर रोखण्याच्या पद्धतीला रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचे नाव आहे. त्यांचे बुद्धिबळावरील पुस्तक १५६१ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे पांढरे मोहरे वाट्याला आले की आम्ही हीच सुरुवात करतो. तीत एक जुना सापळा आहे. पांढऱ्या वजिराने अवेळी मध्यावरचे प्यादे मारले, की काळी प्यादी पुढे सरसावून वजिराला हुसकतात आणि उंटाला पटाच्या कडेलाच कोंडतात. त्याला ‘नोहाचे तारू’ म्हणतात.

२०१८ च्या डिसेंबरात वसईतील हौशी खेळाडूंच्या एका स्पर्धेत आमच्यासमोर एक निवृत्त रेल्वे कर्मचारी होते. सातवी खेळी करून ते पाणी पिण्यास उठले. आम्ही ते प्यादे उचलले, वजीर हाती घेतला, आणि तारू आठवले! नियम स्पष्ट आहे: हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे, उचललेले प्यादे मारलेच पाहिजे. पंच दूर होते. पापनिवेदन ऐकताना सबबी ऐकण्याची आम्हांला सवय आहे. त्या अर्ध्या मिनिटात आम्ही स्वतःला दिलेल्या सबबी काही निराळ्या नव्हत्या. दोन्ही मोहरे जागच्या जागी ठेवून आम्ही उंट पुढे काढला आणि घड्याळ दाबले.

ते परतले, बराच वेळ पटाकडे पाहत बसले, मग घोड्याला हात घातला. छत्तिसाव्या खेळीला त्यांनी डाव सोडला. नोंदीच्या कागदांवर सह्या झाल्या.

चहाच्या वेळी आम्हांला राहवेना. सारे सांगून टाकले.

“पाहिलं होतं, फादर. माठ दाराशीच आहे.”

“मग पंचांना का नाही बोलावलंत?”

“म्हटलं, तुम्हीच सांगाल.”

तक्रार करायची ती आपल्या मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी. नंतर हक्क उरत नाही. म्हणजे ते बसले होते तो सारा वेळ आमच्यासाठी होता.

आम्ही पंचांकडे गेलो. निकाल नोंदला गेला आहे, आता बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्या स्पर्धेच्या तक्त्यात आमच्या नावापुढे साडेतीन गुण आहेत. त्यातला एक त्यांचा.