ट्रेनरवर कुठली सायकल?

घरात तीन महिन्यांचं बाळ असलं की पहाटे पाचला खडकवासल्याकडे सायकल हाणायचे दिवस संपतात. आता वेळ मिळतो तो बाळ झोपल्यावरचा. साधारण ४० मिनिटं, तीही त्याच्या मर्जीवर. म्हणून ट्रेनर घेतला. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मागचं चाक काढून सायकल थेट त्यावर बसवायची. टायर रोलरवर घासतच नाही, त्यामुळे आवाज कमी. आवाज कमी का हवा, हे सांगायला नकोच :)

प्रश्न हा, की त्यावर लावायची कुठली? एक कार्बनची रोड बाइक, जिच्यात दोन वर्षांचे बोनस गेले. दुसरी कॉलेजपासूनची स्टीलची हायब्रिड. मित्रांचं एकमत, "चांगली लाव रे, मजा येईल!"

मला काही ते पटेना. जागच्या जागी पेडल मारायचं तर सायकल हलकी असून उपयोग काय? चढ ट्रेनर ठरवणार, वॅट्सही तोच मोजणार. खरी भीती घामाची. बाहेर तो वाऱ्याने वाळतो, घरात मात्र थेंब थेंब हेडसेटवर नि बोल्टांवर पडत राहतो. बार टेपच्या खाली अ‍ॅल्युमिनियमचं हँडल खाऱ्या घामाने कुरतडलं जातं, वरून पत्ताही लागत नाही. शिवाय रोज चाक काढा, चेन चढवा, हात धुवा... १० मिनिटं त्यातच गेली.

म्हणजे हायब्रिडच. पण तिच्यातही गोम होतीच. ७ गिअर, आणि मागे आट्यांवर बसणारं फ्रीव्हील. ट्रेनरवर ते चढतच नाही. दुकानातले काका म्हणाले, "अरे, ट्रेनरवर ८ ची कॅसेट टाक. ७ ची चेन चालते तिला." खरंच चालते, दोन चकत्यांमधलं अंतर जेमतेम ०.२ मिमीने वेगळं. एखादा गिअर कुरकुरतो, पण अर्ग मोडमध्ये ट्रेनर स्वतःच जोर सांभाळतो, गिअर बदलतो कोण! पुढची छोटी चकती लावली की फ्लायव्हील सावकाश फिरतं, आवाज आणखी कमी.

सीटची उंची तेवढी रोड बाइकवरून टेपने मोजून घेतली, गुडघ्यांशी खेळ नको.

हायब्रिडचा आणखी एक फायदा म्हणजे सीट नुसती खटका उघडून वरखाली होते, टॉर्क रेंच शोधावा लागत नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की बायकोही चालवणार आहे. सीटपोस्टवर मार्करने तिचीही खूण करून ठेवलीये.