उजेडाची मात्रा

भाजीच्या जुडीवर चार मिरच्या आणि कढीलिंबाची एक काडी वरून पडल्याखेरीज मला खरेदी झाल्यासारखी वाटत नाही. दुधाचे माप भरले तरी भांडे मी क्षणभर पुढेच धरून ठेवतो. हा स्वभाव औषधाच्या बाबतीत कामाचा नाही, हे कळायला मला वयाची ७१ वर्षे आणि दोन गुडघे खर्ची घालावे लागले.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. साताऱ्याहून ताई आली होती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण तिची मांडी अजून शाबूत आहे. तिने दोन पाट समोरासमोर मांडले, भोवती रांगोळी काढली, आणि मी गुडघ्यांवर हात टेकून नुसताच उभा राहिलो. अखेर सूनबाईंनी खुर्ची आणली. ताईने उभ्यानेच मला ओवाळले. ती बोलली काहीच नाही. पण ओवाळून झाल्यावर तिने माझा रिकामा पाट उचलला, पदराने पुसला आणि भिंतीशी टेकवून ठेवला. आता गुडघ्यांचे काहीतरी केले पाहिजे, असे मी त्या रात्री ठरवले.

कोणीतरी लेझरचे नाव सुचवले. तोवर मी लेझर पाहिला होता तो गणपतीच्या मिरवणुकीत, डोळे दिपवणारा. गुडघ्यासाठी वापरतात तो अगदी सौम्य असतो म्हणे. म्हटले, पाहू या. पहिल्या ठिकाणी एक गृहस्थ माझ्या पायजम्यावरूनच, वीतभर अंतरावरून, एक नळी आरती ओवाळल्यासारखी फिरवीत. दुसऱ्या हातात त्यांचा फोन असे. बोलणे संपले की उपचारही संपे. दहा खेपा घातल्या. खिसा हलका झाला, गुडघा होता तसाच राहिला. ‘लेझर हे शुद्ध थोतांड आहे,’ असा निकाल मी कट्ट्यावर जाहीर करून टाकला.

भाचीने तो मानला नाही. तिच्या आग्रहाखातर दुसरीकडे गेलो. तिथली फिजिओथेरपिस्ट म्हणजे माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी असेल-नसेल. तिने विचारले, “यंत्र किती शक्तीचं होतं? एका जागी किती सेकंद धरलं?” मी गप्प. ती म्हणाली, “काका, गोळी किती मिलिग्रॅमची हे न बघता कुणी गोळी देतं का? उजेडालाही मात्रा असते.”

मग तिने मला जे गणित सांगितले ते चौथीतल्या मुलालाही यावे. यंत्राची शक्ती गुणिले वेळ, म्हणजे मिळालेली ऊर्जा. तिचे यंत्र २०० मिलिवॅटचे. एका जागी ३० सेकंद धरले की ६ ज्यूल होतात. प्रकाश ८१० नॅनोमीटरचा, म्हणजे लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. न दिसणाराच डोळ्यांना अधिक घातक, म्हणून दोघांनीही काळे चष्मे चढवायचे. गुडघा उघडा हवा. नळीचे टोक कातडीवर सरळ उभे टेकवून जरा दाबून धरायचे. दूर धरले तर बराच उजेड कातडीवरून परत फिरतो, आणि दाबल्याने तिथले रक्त बाजूला सरून तो थोडा अधिक खोल जातो. सांध्याच्या फटीच्या कडेने एकेक जागा बोटाने चाचपून ती मोजून उजेड देई. एक दिवसाआड, तीन आठवडे. पायजमा आणि वीतभर हवा यांच्यावर माझे पहिले पैसे कसे खर्च झाले, ते तेव्हा ध्यानात आले.

या विद्येचा उगम मोठा गमतीचा आहे. १९६० साली थिओडोर मायमनने पहिला लेझर बनवला. त्यानंतर बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी भादरलेल्या उंदरांच्या पाठीवर मंद लेझर टाकून पाहिला. १९६७ सालची ही गोष्ट. त्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले! पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हा प्रकाश टिपते आणि कामाला लागते, असे आज मानतात. मेंढी हाकायला काठीचा स्पर्श पुरतो, तशातला प्रकार.

सहाव्या खेपेस जिना उतरताना कठड्याला न धरता मी तीन पायऱ्या उतरलो, आणि माझ्यातला गिऱ्हाईक जागा झाला. म्हटले, “पोरी, ३० सेकंदांनी एवढं, तर आज दोन-दोन मिनिटं धर की!”

“काका, हे वरून घालायचं औषध नव्हे,” ती म्हणाली. कमी दिले तर गुण नाही, आणि फार दिले तर आलेला गुणही ओसरतो, असे तिने सांगितले. गुडघ्यांवरच्या २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात या जातीच्या प्रकाशाचे दर जागी ४ ते ८ ज्यूल मिळालेल्यांच्या वेदना कमी झाल्या. शिफारशीबाहेरच्या मात्रांनी तसा गुण दिसला नाही.

मला एकदम आमची आजी आठवली. बाळगुटी उगाळताना ती वेढे मोजायची. सहाणेवर हळकुंडाचे इतके, वेखंडाचे इतके, आणि जायफळाचा एकच. “दुसरा फिरला तर पोर दिवसभर सुस्त पडेल,” असे म्हणून ती आईचा हात धरायची. तिला ज्यूल ठाऊक नव्हता, पण तिने औषध कधी अंदाजाने दिले नाही.

या उजेडाने झिजलेला सांधा भरून येत नाही, हे त्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. दुखणे उतरते आणि त्या सवलतीत मांडीचे स्नायू बळकट करायचे असतात. तो व्यायाम मी रोज करतो, अर्थात कुरकुरत. सगळ्याच डॉक्टरांना हा उपचार पटतो असेही नाही. ज्यांना पटत नाही त्यांना मी आता थोतांडाची साक्ष देत नाही. एवढेच विचारतो, मात्रा किती दिली होती?

परवा ताईचा फोन आला. “यंदा खुर्ची का पाट?” तिने विचारले. मी म्हणालो, “पाट मांड. खुर्ची मात्र जवळ असू दे.” ती हसली. पुष्कळ दिवसांनी मी वरून काही मागितले नव्हते.